आळशी माणसाची बारमाही सायकल

गेल्या वर्षी १९ ऑगस्टला संध्याकाळी सात वाजता मी दोन्ही ब्रेक जीव खाऊन दाबले होते आणि सायकल निवांत पुढे चालली होती. धो धो पाऊस, उतार, समोर लाल सिग्नल. शेवटी चप्पल रस्त्यावर घासत थांबले, तेही झेब्रा पट्ट्यांच्या पलीकडे. कुणाला काही लागलं नाही. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला, पण हळूच. बहुधा माझी कीव आली असावी.

घर ते ऑफिस ९ किलोमीटर आणि परत तेवढंच. सहा वर्षं मी हे अंतर त्याच सायकलवर, मनाला येईल तेव्हा कापत होते. दुसऱ्या दिवशी सायकल नेहमीच्या काकांकडे नेली. त्यांनी एक स्टीलची पट्टी रिमच्या कडेला आडवी लावली. पट्टीखालून उजेड दिसत होता. म्हणाले, "ताई, रिम खाल्ली गेलीय." रिमवर घासणाऱ्या ब्रेकचं हे असं होतं. पावसात रस्त्यावरची बारीक वाळू ब्रेकच्या रबरात रुतते आणि ते रबर कानशीसारखं रिम खरवडत राहतं. शिवाय चाक ओलं असलं की पहिले एकदोन फेरे नुसतं पाणी पुसण्यात जातात, ब्रेक त्यानंतर लागतो. कड फारच पातळ झाली तर हवेच्या दाबाने रिम फाटूही शकते. एवढं सगळं सांगितल्यावर त्यांनी चेनकडे बघितलं आणि काहीच बोलले नाहीत. ते मला जास्त लागलं.

नवी सायकल घ्यायची ठरवल्यावर सगळे करतात तेच मी केलं. रात्री एकपर्यंत व्हिडिओ बघितले. आठवड्याभरात कार्बन फ्रेमचं वजन तोंडपाठ झालं, पण माझ्या कामाचं काहीच कळलं नाही, कारण त्या व्हिडिओंमध्ये ऊन कायम कोवळं आणि रस्ता कायम कोरडा. नवऱ्याने एका वाक्यात विषय संपवला: "तू चेनला शेवटचं तेल कधी घातलंस?" आठवलंच नाही.

मग १ सप्टेंबरपासून एक वही केली. ज्या दिवशी सायकल नेली नाही, त्या दिवशी संध्याकाळी खरं कारण लिहायचं. तीन आठवड्यांत कामाचे १५ दिवस झाले, त्यातले ६ दिवस सायकल घरी होती. माझी खात्री होती की सहाही दिवस पावसाच्या नावावर जातील. वहीत पाऊस एकदाच निघाला. दोनदा आदल्या दिवशी पाठीवर उडालेला चिखल आठवून कंटाळा आला होता, कारण मडगार्ड म्हणून जे होतं ते शोभेचं होतं. एकदा चेन गंजून करकरत होती. एकदा दिवा चार्ज केलेला नव्हता. एकदा चाकात हवा नव्हती आणि पंप सापडला नाही. म्हणजे सायकल अडत होती ती हवामानामुळे कमी आणि माझ्या आळसामुळे जास्त. आळस काही जाणार नव्हता, चाळीस वर्षांचा आहे. तेव्हा तो धरूनच सायकल शोधायची, असं ठरलं.

माझ्यासारखं कुणी आता निवडीच्या गोंधळात असेल तर ही वही जरूर करा. खर्च शून्य, आणि दुकानात आपल्याला काय विचारायचंय ते त्यातूनच कळतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या दोन शनिवारी चार दुकानं झाली. पहिल्या दुकानातला मुलगा उत्साही होता. "मॅडम, किती गिअरची देऊ? एकवीसची आहे, सत्तावीसची आहे." पुढे तीन आणि मागे सात चकत्या, तीन गुणिले सात एकवीस, एवढाच तो हिशोब. त्यातल्या बऱ्याच जोड्या एकमेकींच्या इतक्या जवळ असतात की पायाला फरक कळत नाही, आणि चेन तिरकी ओढणाऱ्या टोकाच्या जोड्या वापरायच्याच नसतात. गिअर किती आहेत यापेक्षा सगळ्यात हलका आणि सगळ्यात जड यांत अंतर किती, ते विचारावं. मी विचारलं तेव्हा त्याने मालकांना हाक मारली.

दुसऱ्या दुकानातली सायकल दिसायला इतकी देखणी होती की मी घेतलीच होती. वाकवलेलं हँडल, बारीक टायर, वजन ९ किलो. मडगार्ड बसवायला फ्रेमवर भोकंच नव्हती. विचारल्यावर सीटच्या दांड्याला अडकवायचा प्लास्टिकचा तुकडा दाखवला. वहीतली ती दोन चिखलाची पानं आठवली आणि बाहेर पडले. तरी वळून दोनदा बघितलं, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या दुकानात हब गिअर पहिल्यांदा नीट बघितला. यात सगळे गिअर मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या तुंब्यात, बंद डब्यात असतात. बाहेर एक चेन आणि एक चकती, बस. पाऊस, चिखल, धूळ आतपर्यंत सहसा पोचत नाही. हे काही नवं नाही. तीन गिअरचे हब बनवणाऱ्या स्टर्मी-आर्चर कंपनीची स्थापनाच १९०२ सालची. आज शिमानोच्या नेक्सस मालिकेत ३, ७ आणि ८ गिअरचे हब आहेत, आणि ८ गिअरवाल्याचा आवाका ३०७ टक्के आहे. म्हणजे पॅडलच्या एका फेरीत सगळ्यात जड गिअर हलक्याच्या ३.०७ पट अंतर काढतो. मी पुढे जी सायकल घेतली तिच्यात पुढे ३८ आणि मागे २० दाते आहेत. त्यामुळे हलक्या गिअरला एका फेरीत साधारण २.२ मीटर आणि जड गिअरला ६.७ मीटर पुढे जाते. माझ्या वाटेवरच्या चढाला हे पुरतं. डोंगर चढणाऱ्यांना कदाचित पुरणार नाही. रोलॉफचा १४ गिअरचा हब ५२६ टक्क्यांचा आहे, १९९८पासून मिळतो, पण त्याची किंमत ऐकून मी दुकानदारालाच पाणी मागितलं.

मला पटलं ते वेगळंच. हब गिअर सायकल उभी असताना बदलता येतो. सिग्नलला जड गिअरमध्ये थांबल्यावर पुढे निघताना मी दर वेळी उठून पॅडलवर उभी राहायचे. ते संपणार होतं. तोटाही त्यांनी स्वतःहून सांगितला: वजन साधारण किलोभर जास्त, आणि मागचं चाक काढणं थोडं खटाटोपाचं.

चौथ्या दुकानात बेल्टची सायकल होती, चेनच्या जागी आत कार्बनचे धागे असलेला दातेरी पट्टा. तेल नाही, गंज नाही, पँटला काळं नाही. आळशी माणसाचं स्वप्नच. मी तिथे तासभर बसले. पण बेल्टला जोड नसतो, चेनसारखा तो तोडून जोडता येत नाही, म्हणून फ्रेमच मागे एका ठिकाणी उघडता येणारी लागते. तुटला तर तेवढ्याच दात्यांचा दुसरा मागवायचा. "किती दिवस लागतात?" म्हटल्यावर "तीन आठवडे धरा" असं उत्तर आलं. तीन आठवडे सायकल बंद म्हणजे माझी सवय कायमची बंद. चेन कुठल्याही कोपऱ्यावर मिळते. म्हणून हब गिअर, साधी चेन आणि तिच्यावर पूर्ण बंद चेनकव्हर, असं मधलं उत्तर निघालं. जवळपास बेल्टचे सुटे भाग मिळत असतील तर तुमचं उत्तर वेगळं येईल.

बॅटरीवर चालणाऱ्या सायकलचाही विचार झाला, पण लवकर सोडला. ९ किलोमीटरला गरज नव्हती, आणि जिला दिवा चार्ज करायचं लक्षात राहत नाही तिला आणखी एक बॅटरी कशाला.

चालवून बघण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथेच बहुतेक जण (मीसुद्धा, सहा वर्षांपूर्वी) दुकानासमोर एक गोल मारून परत येतात. या वेळी रोजची बॅग रोजच्या सामानासह नेली, ६ किलो. कॅरिअरला लावून चालवलं तर एका सायकलवर दर फेरीला माझी टाच बॅगेवर आपटत होती. दुसरीवर हळू वेगात हँडल पूर्ण वळवलं की बुटाचं टोक पुढच्या मडगार्डला लागत होतं. कोरड्यात हे चालून जातं, ओल्या वळणावर नाही. दुकानाच्या तीन पायऱ्या सायकल उचलून चढले. १७ किलो म्हणजे काय ते कागदावर कळत नाही. रोज दोन मजले चढवायची असती तर हा सगळा लेख वेगळा झाला असता. शेवटी बाटलीभर पाणी नेलं होतं ते डिस्कवर आणि रिमवर ओतून ब्रेक मारून बघितले. दुकानदाराने परवानगी दिली, फक्त जरा विचित्र बघितलं.

ब्रेकबाबत त्या बाटलीनेच निकाल दिला. डिस्क ब्रेकची चकती हबजवळ असते, रस्त्यावरच्या चिखलापासून लांब, आणि रिम घासली जात नाही. त्यात तारेचे आणि तेलाचे असे दोन प्रकार. तारेच्या डिस्कला तार आवळत राहावं लागतं. तेलाच्या ब्रेकमध्ये पॅड झिजले की ते आपोआप पुढे सरकतात. आळशी माणसाने दुसरा घेतला. यातलं तेलही दोन प्रकारचं असतं, मिनरल ऑइल आणि डॉट. एकाच्या जागी दुसरं घातलं तर आतले रबरी सील खराब होतात. आपल्या ब्रेकला कुठलं लागतं ते बिलाच्या मागे लिहून ठेवा, तीन वर्षांनी लक्षात राहत नाही.

टायरबद्दल माझा एक गैरसमज गेला. पावसात चालवायचं म्हणजे खोल नक्षी हवी असं वाटायचं. गाडीचा टायर पाण्यावर तरंगतो तसा सायकलचा टायर तरंगायला ताशी १०० किलोमीटरच्या पुढचा वेग लागेल, कारण तो अरुंद, गोल आणि जास्त हवेचा असतो. डांबरी रस्त्यावर नक्षीपेक्षा रबराचा दर्जा, रुंदी आणि हवेचा दाब महत्त्वाचा. मी ४० मिलिमीटर रुंदीचा, जवळजवळ गुळगुळीत, आत पंक्चररोधक थर असलेला टायर घेतला. (बर्फात चालवणाऱ्यांची गोष्ट निराळी. त्यांच्यासाठी धातूचे खिळे बसवलेले टायर येतात.) आणि एक: टायरवर २८ इंच, ७०० सी किंवा २९ असं काहीही छापलेलं असलं तरी कडेला ४०-६२२ अशी जोडी शोधा. ६२२ हा रिमचा व्यास मिलिमीटरमध्ये. ७०० सी आणि २९ इंची दोन्ही ६२२च असतात. मी पूर्वी याच घोळात दोन चुकीच्या ट्यूब घेतल्या आहेत.

दिव्यासाठी पुढच्या हबमध्येच डायनॅमो, ६ व्होल्ट आणि ३ वॉटचा. लहानपणी टायरवर घासणारा बाटलीसारखा डायनॅमो आठवत असेल, लावला की सायकल जड व्हायची आणि पावसात घसरायचा. हबमधल्याचा आवाज नाही, घसरणं नाही, ओढ जाणवतही नाही. थांबल्यावरही दिवा काही मिनिटं मंद चालू राहतो. वहीतलं एक पान कायमचं बंद.

११ ऑक्टोबरला तिसऱ्या दुकानात ३० टक्के आगाऊ देऊन ऑर्डर दिली. ॲल्युमिनियमची फ्रेम, ८ गिअरचा हब, तेलाचे डिस्क, पूर्ण लांबीची मडगार्डं, २५ किलो पेलणारं कॅरिअर. जुनी सायकल नवी असताना जेवढ्याला घेतली होती त्याच्या साडेतीन पट. वर कुलूप, बॅगा, पंप आणि पावसाळी कपडे मिळून सायकलच्या किमतीच्या १८ टक्के गेले. हा वरचा खर्च कुणी सांगत नाही, आधीच बाजूला काढा. माझ्या बसपासच्या हिशोबात सगळं मिळून २२ महिने.

चार आठवडे सांगितले होते. पाचव्या आठवड्यात फोन केला तर "येतेय, येतेय." सहाव्या आठवड्यात कळलं की सायकल आलीय, पण मडगार्ड चुकीच्या रुंदीची आलीत. ४० च्या टायरला निदान ५० मिलिमीटरची हवीत, नाहीतर खडा अडकतो. दुकानदार म्हणाले, "मॅडम, तोवर अशीच न्या ना." नाही नेली. एकदा घरी आणली की उरलेलं काम माझ्या हातून कधीच पूर्ण होणार नाही हे मला माहीत होतं. २ डिसेंबरला सायकल ताब्यात आली, एकूण ५२ दिवसांनी.

ताब्यात घेताना बिलावर फ्रेम नंबर लिहून घ्या. तो बहुतेक वेळा पॅडलच्या आसाखाली, फ्रेमच्या पोटाशी कोरलेला असतो. मी सायकल उलटी करून फोटो काढला आणि स्वतःलाच मेल केला. चोरीचा विमा घेतला तर कुलूप कुठल्या प्रकारचं आणि कशाला अडकवलेलं हवं ते अटींमध्ये बारीक अक्षरात असतं. नुसतं चाकाला लावलेलं कुलूप बऱ्याचदा चालत नाही.

आता ऑफिसचा अर्ज. छपराखालच्या पार्किंगला पास लागतो. अर्जासोबत बिलाची प्रत, ओळखपत्राची प्रत आणि विभागप्रमुखांची सही. ४ डिसेंबरला दिला, ९ला परत आला: "वाहन क्रमांकाचा रकाना रिकामा आहे." सायकलला नंबर नसतो, असं समजावून सांगितलं. त्यांना पटलं, संगणकाला पटलं नाही, रकाना भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकेना. मग तिथे फ्रेम नंबर लिहिला. १४ला पुन्हा परत: अक्षरं जास्त आहेत. शेवटी खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "शेवटचे सहा आकडे टाका हो, कोण बघतंय." २३ला पास मिळाला. तोपर्यंत एकोणीस दिवस नवी कोरी सायकल उघड्यावर, सीटला प्लास्टिकची पिशवी बांधून. तुमच्याकडे असं काही असेल तर सायकल येण्याआधीच अर्ज करून टाका.

पहिल्या महिन्यात शिकण्यासारखं बरंच होतं. नवे डिस्क ब्रेक पहिल्या दिवशी लागतच नाहीत म्हणून मी घाबरले. ते रुळवावे लागतात: मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेग घ्यायचा, जवळजवळ थांबेपर्यंत दाबायचे, सोडायचे, असं वीसपंचवीस वेळा. हब गिअर बदलताना पॅडलवरचा जोर क्षणभर सोडावा लागतो, नाहीतर कट्ट करून उडी मारतो. तिसऱ्या आठवड्यात नवी तार थोडी ताणली गेली आणि गिअर अडखळायला लागला. चार नंबरच्या गिअरवर ठेवून हबवरच्या दोन खुणा एका रेषेत आणायच्या असतात, दोन मिनिटांचं काम. दुकानाची पहिली सर्व्हिस फुकट होती. तिथे एक मोलाचं सांगितलं: सीटचा दांडा दर तीनचार महिन्यांनी काढून, पुसून, ग्रीस लावून परत घाला. पाणी मुरून तो फ्रेममध्ये धरला तर मग करवतच लागते.

सगळ्यात महाग चूक माझी स्वतःची. जानेवारीत एका रविवारी अचानक शहाणपण सुचलं आणि मी चेनवर तेलाचा स्प्रे मारला. त्यातला थोडा मागच्या डिस्कवर गेला. सोमवारी सकाळी ब्रेक दाबला तर शेजारच्या इमारतीतून लोक बाहेर आले इतका आवाज, आणि थांबणं जवळपास नाही. तेल प्यायलेले पॅड सहसा वाचत नाहीत, बदलावे लागले. डिस्कच्या सायकलला स्प्रे नको. बाटलीतून थेंब थेंब, चेनच्या आतल्या बाजूला, आणि जास्तीचं पुसून. चेनकव्हरमुळे हे दीड महिन्यातून एकदा केलं तरी भागतंय.

थंडीत अडचण फक्त बोटांची आणि अंधाराची होती. अंधाराचा प्रश्न डायनॅमोने सोडवला, बोटांचा अजून सुटायचाय. उन्हाळ्यात वीस मिनिटं लवकर निघायचं आणि कोरडा शर्ट ऑफिसच्या कपाटात, बाकी काही नाही. वाऱ्याने मात्र छळलं. ताठ बसायच्या सायकलवर समोरचा वारा छातीवर घेतला जातो, बत्तीस मिनिटांची वाट पंचेचाळीसवर जाते. त्यावर उपाय नाही. हलका गिअर आणि शिव्या.

आतापर्यंत २,९०० किलोमीटर झाले. पंक्चर एकच, मार्चमध्ये, मागच्या चाकाला, अर्थातच पावसात. मी १५ नंबरचा पाना बाळगते, पण चाक काढायची वेळच आली नाही. काकांनी टायर एका बाजूने सोडला, तेवढीच ट्यूब बाहेर ओढली, पाण्याच्या घमेल्यात धरली, ठिगळ लावलं. "एवढी महाग सायकल, पंक्चर तर तसंच," म्हणाले. मग चेनकव्हर उघडून आत बघितलं. या वेळी मान हलवली.

गेल्या रविवारी चेन मोजली. झिजून १२ इंचांत दीड मिलिमीटर वाढलीय. तीन मिलिमीटरवर गेली की बदलायची, तेव्हा अजून अवकाश आहे. जुनी सायकल रिम बदलून पुतणीला दिली, ती फक्त कोरड्यात चालवते.

पार्किंगचा पास या महिनाअखेर संपतोय. नूतनीकरणाचा अर्ज काल आणला. वाहन क्रमांकाच्या शेजारी आता आणखी एक रकाना आलाय: इंधनाचा प्रकार. मी अजून काही लिहिलेलं नाही.